तेल जवसाचं, गुडघे कुणाचे?

हल्ली पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात फिनाईलच्या शेजारी एक वेगळा कप्पा असतो. हिरवी अक्षरं, पानाचं चित्र, आणि ‘नॅचरल वुड केअर’ किंवा ‘केमिकल-फ्री फ्लोअर पॉलिश’ असं काहीतरी नाव. (केमिकल-फ्री म्हणजे नक्की काय हे मला अजून कळलेलं नाही. पाणी हेही केमिकलच आहे. पण ते असो.) बाटलीवर संत्र्याचा वास, मधमाशीचं चित्र आणि किंमत अशी की मधमाशीलाही घाम फुटावा. आपल्यासारखे हापिसातून दमून आलेले, हप्त्यावर फ्लॅट घेतलेले आणि एका खोलीत हौसेनं लाकडी फ्लोअरिंग करून घेतलेले लोक ती बाटली उचलतात आणि निसर्गाशी नातं जोडल्याच्या समाधानात घरी येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच सटकावं. लाकडी जमीन नैसर्गिक वस्तूंनी उत्तम राखता येते, शेकडो वर्षं राखली गेली आहे. पण त्यात वस्तूचा वाटा थोडा आणि वेळेचा मोठा आहे. हा वेळ कोण देणार याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर सरळ पॉलियुरेथेनचे दोन हात मारून घ्या आणि सुखी व्हा. त्यात काही पाप नाही.

आता जरा विस्तारानं.

आमचं मूळ घर इंदापूर तालुक्यातलं, आजोळ बारामतीचं. दोन्ही ठिकाणं पर्जन्यछायेतली. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर. कोकणासारखी उतरती कौलं इथे लागतच नव्हती. दगडी जोतं, जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, ही इथली जुनी घरं. ‘लाकडी फ्लोअरिंग’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे अमेरिकन सिनेमातलं चकचकीत घर येतं, ते इथे कधीच नव्हतं. सागाचं जंगल या भागात नाही. लाकूड बाहेरून आणायचं, त्यामुळे ते जपून वापरायचं. तळमजल्याची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. लाकूड यायचं ते डोक्यावर: तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या. याला कडीपाट म्हणतात. गंमत म्हणजे वरच्या माडीवर बऱ्याच घरांत या फळ्यांवर पुन्हा मातीचा थर असे आणि तोही सारवलेला. म्हणजे खालून बघितलं तर लाकूड, वरून चाललं तर माती. उघड्या फळ्यांची जमीन, ज्यावर आपण अनवाणी चालतो आणि जी चालून चालून गुळगुळीत होते, ती मोजक्याच माड्यांवर. शिवाय लाकडी जिना, उंबरा आणि झोपाळ्याची फळी. आमच्या भागातली ‘लाकडी जमिनीची निगा’ म्हणजे एवढंच.

पण या एवढ्याशातही एक शहाणपण आहे, आणि ते मला सारवणात दिसतं. सारवलेली जमीन अत्यंत कमकुवत असते. पाणी सांडलं की गेली, पाट ओढला की खरवडली. पण दर आठ-पंधरा दिवसांनी ती नवी होते, आणि जिथे उखडली तिथे तेवढंच सारवता येतं. बाकीची जमीन उकरावी लागत नाही. तेल पाजलेल्या लाकडाचा न्याय अगदी हाच आहे. तेलाचा थर पातळ, कमजोर. चहा सांडला तर डाग पडतो. पण डाग पडला तेवढीच जागा घासायची, तेवढंच तेल लावायचं, संपलं. याउलट पॉलियुरेथेनचा थर म्हणजे काचेचं कवच. पाच-सात वर्षं ढुंकून बघावं लागत नाही. मात्र ते एकदा सोलपटायला लागलं की ठिगळ मारता येत नाही. अख्खी खोली रिकामी करून मशीननं घासून काढायची, आठवडाभर शेजाऱ्याकडे झोपायचं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. एक सिस्टीम अशी की दर आठवड्याला छोटे छोटे पॅच टाकावे लागतात. दुसरी अशी की पाच वर्षं कुणी हात लावत नाही आणि मग एक दिवस ‘आता सगळं नव्यानं लिहू’ अशी मीटिंग होते. दोन्हीत खर्च सारखाच असतो म्हणा, फक्त एकीत तो रोज दिसतो आणि दुसरीत एकदम अंगावर येतो. नैसर्गिक पॉलिश निवडणं म्हणजे पहिल्या प्रकारची सिस्टीम निवडणं. बाटली तुम्हाला हे सांगत नाही.

तेलाचंही तसंच. ‘नैसर्गिक तेल’ म्हटलं की लोक स्वयंपाकघरातलं उचलतात. खोबरेल लावतात, शेंगदाण्याचं लावतात, काही थोर लोक ऑलिव्ह ऑईलमध्ये लिंबू पिळून लावतात. पहिले दोन दिवस जमीन झकास दिसते. मग चिकट होते, धूळ धरते आणि महिन्याभरात जुन्या डब्यासारखा खवट वास यायला लागतो. कारण साधं आहे. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, काही आयुष्यभर तेलच राहतात. हे मोजायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य नावाची गोष्ट आहे. खोबरेलाचं ८-१०, शेंगदाण्याचं शंभराच्या आत-बाहेर, करडईचं १४०-१५०, आणि जवसाचं १७० ते २००. आकडा जितका मोठा तितकं तेल वाळायला तयार. जवसाचं तेल, म्हणजे अळशीचं, उडून जात नाही. ते लाकडाच्या रंध्रांत शिरून तिथेच घट्ट होतं. बॅटला अळशीचं तेल लावलेल्या सगळ्यांना त्याचा वास अजून आठवत असेल! फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं १८६० च्या दशकात याच तेलाच्या घट्ट होण्यावर एक आख्खी जमीन बनवली, तिचं नाव लिनोलियम. नावातच जवस आहे.

आता मला यात स्वारस्य का, तर जवस आणि करडई ही दोन्ही आपल्या रब्बीची पिकं. इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी लावायची पद्धत होती, म्हणजे तेलही मिळे आणि गुरंही आत शिरत नसत. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना आला, पुढे सहकारी कारखाने आले, आणि पाणी पोचलं तिथे तिथे उसानं बाकीच्यांना बाजूला सारलं. त्याबद्दल तक्रार नाही. त्या उसावरच आमच्या पिढीची इंजिनिअरिंगची फी भरली गेली. पण परिणाम असा की जे तेल गावच्या घाण्यावर मिळायचं, ते आज आम्ही पुण्यात छोट्या बाटलीत, परदेशी नावानं विकत घेतो.

आता ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या दुसऱ्या गैरसमजाकडे येऊ. बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे. त्याच्या तेलानं कातडी भाजल्यासारखी सुजते, धोबी त्याचा उपयोग कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायला करत. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात होड्यांच्या लाकडाला लावतात, वाळवीला ते आवडत नाही. तेही उघड्या हाताला लागलं तर फोड येतात. आणि आपलं साधंभोळं जवसाचं तेल? ते घट्ट होताना उष्णता सोडतं. जमिनीवर पसरलेल्या पातळ थरात ती कळतही नाही. पण तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर उष्णता आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडी न लावता! १९९१ साली फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाच्या ३८ मजली इमारतीत लाकडाचं काम करणाऱ्यांनी अशीच जवसाच्या तेलाची फडकी ठेवून दिली होती. त्या आगीत तीन अग्निशमन जवान गेले. त्यामुळे फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

दुकानातलं ‘डबल बॉईल्ड’ तेल हाही एक किस्सा आहे. नावावरून वाटतं की कुणीतरी मायेनं दोनदा उकळलं असेल. प्रत्यक्षात लवकर वाळावं म्हणून त्यात बहुतेक वेळा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगं घातलेली असतात. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेतं. हे एक-दोन दिवसांत वाळतं. वापरायला हरकत नाही, फक्त ‘शंभर टक्के निसर्ग’ म्हणून मिरवू नये.

लाखेचीही तीच तऱ्हा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश म्हणजे अस्सल देशी वस्तू, एका किड्याची देणगी. कपाटावर त्याच्यासारखी झळाळी कशालाच येत नाही. पण जमिनीवर? ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि स्पिरिट लागलं की थर विरघळतो. २०२० मध्ये दिवसातून चार वेळा सॅनिटायझरनं टेबलं पुसणाऱ्या अनेकांना लाखेचं पॉलिश कसं निघतं याचं मोफत शिक्षण मिळालं :)

आता फ्लॅटवाल्यांसाठी एक अप्रिय बातमी. तुमची ‘वुडन फ्लोअरिंग’ बहुधा वुडन नाही. लॅमिनेट असेल तर वर दिसतं ते लाकडाचं छापील चित्र आहे, त्यावर मेलामाईनचा कडक थर, खाली दाबलेला लाकडाचा भुसा. स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीनं १९७७ साली काढलेली ही युक्ती. माझ्या एका मित्राला ठेकेदारानं हेच ‘नॅचरल वुड’ म्हणून विकलं, आणि तो बिचारा दर महिन्याला त्याला मेण चोळत होता. फोटोला तेल लावल्यासारखं आहे ते. लॅमिनेटला घट्ट पिळलेलं फडकं पुरे. इंजिनिअर्ड वुड असेल तर वरचे दोन-चार मिलिमीटर खरं लाकूड असतं. ते एखाद-दोनदाच घासता येतं, म्हणून घासण्याआधी दहादा विचार. आणि खरी फळी असेल तर पुढचं वाचा.

आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो मण्यासारखा बसून राहिला तर वरचा थर शाबूत आहे, काही करू नका. मुरून काळपट ठिपका झाला तर लाकडाला तहान लागली आहे. मग कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबून बघा. चिकट झालं तर जुनं पॉलिश लाखेचं. ते काढून टाका. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, भुसा पूर्ण झाडून घ्या. पहिला हात जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं. साग मुळातच तेलकट, त्याला पातळ केल्याशिवाय आत शिरायला जागा नसते. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग (सगळे इथे आळस करतात) वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्या. न पुसलेलं तेलच पुढे चिकट होतं. खिडक्या उघड्या ठेवून दोन-चार दिवस वाळू द्या, मग दुसरा हात, मग तिसरा. वर मेण हवं असेल तर एक भाग मधमाशीचं मेण गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून, शेगडीपासून दूर नेऊन, तीन-चार भाग टर्पेंटाईनमध्ये मिसळा आणि अगदी थोडं चोळा. जिन्यावर मेण लावू नका. घरात म्हातारी माणसं आहेत.

हंगाम संक्रांत ते गुढीपाडवा. पावसाळ्यात तेल वाळत नाही, उलट त्यावर बुरशी धरते. आणि रोजची निगा म्हणाल तर ती तेलाची नसून धुळीची आहे. बुटाखालून आलेली वाळू म्हणजे फुकटचा पॉलिश पेपर. दारात पायपुसणं, बूट बाहेर, रोज मऊ केरसुणी. जपानात भाताच्या कोंड्याची पुरचुंडी करून लाकडी जमीन घासतात, डेन्मार्ककडे साबणाच्या चुऱ्याच्या पाण्यानं धुतात. वस्तू वेगवेगळ्या, पण तिथेही कुणीतरी वाकून घासतंय.

आणि इथे मला खरं बोलायचं आहे ते येतं.

जुन्या घरांचे फोटो बघून आपण ‘काय चकाकी होती!’ म्हणतो, तेव्हा ती चकाकी कुणाच्या गुडघ्यांतून आली हे विचारत नाही. सारवण बायकांनी केलं. जिना पुसला तो बायकांनी किंवा गड्यांनी. माझ्या आत्याला आमच्या माडीचं कौतुक ऐकवलं की ती म्हणते, ‘बाबा, तुला माडी दिसते, मला बादली दिसते.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. आज आपण नैसर्गिक पॉलिशची हौस करतो आणि प्रत्यक्ष काम कामवाल्या मावशींवर सोपवतो, त्याच पगारात. त्यांनी घाईत ओलंगच्च फडकं फिरवलं की चिडतो. हे काही निसर्गप्रेम नव्हे.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. आमच्या इंदापूरकडच्या घराचे चार हिस्सेदार आहेत. माडीवर साडेतीनशे चौरस फूट उघड्या सागवानी फळ्या. त्यातल्या दोन तुळया उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या नातेवाइकांच्या घरातून बैलगाडीनं आणल्या, असं घरात सांगतात. (त्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला आपण जातोच, भिगवणला मासे खाऊन.) जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं या माडीला चांगली किंमत सांगितली आहे. ते लाकूड रंधा मारून पुण्यातल्या एखाद्या कॅफेचं टेबल होणार. थोरले चुलतभाऊ म्हणतात, देऊन टाकू, नाहीतरी वाळवी खाईल. धाकट्यांना ती राखायची आहे, पण ‘कुणीतरी’ राखावी अशा बेतानं. काका तिथे एकटे राहतात, त्यांचं वय ७४. येत्या दिवाळीत यावर फैसला आहे.

मी हिशेब मांडून सगळ्यांना पाठवला. पहिल्या वर्षी चार माणसं, तीन शनिवार-रविवार, सहा-सात लिटर तेल. नंतर दरवर्षी चार माणसं, एक दिवस. तेलाचा खर्च चौघांत वाटला तर एका सिनेमाच्या खर्चाइतकाही नाही. खर्च आहे तो त्या दिवसाचा. माझी अट एकच: ते चार लोक म्हणजे चार हिस्सेदार, त्यांनी पाठवलेला गडी नाही आणि आत्या तर नाहीच. ज्याचं नाव सात-बाराला आणि घराच्या उताऱ्याला, त्याच्याच हातात फडकं. हे चौघांना मान्य असेल तर माडी राहावी. नसेल तर मी विकायच्या बाजूनं मत देणार आहे, आणि वाईट वाटून घेणार नाही. रोज पुसलं जाणारं कॅफेचं टेबल हे बंद माडीत वाळवीची वाट बघणाऱ्या वारशापेक्षा बरं. लाकडाला आपल्या भावनांशी कर्तव्य नाही, त्याला तेल आणि वावर लागतो.

यावर एक आक्षेप येतो तो रास्त आहे: प्रत्येकाला सुट्टी मिळत नाही, प्रत्येकाचे गुडघे धड नाहीत. मग पैसे देऊन करून घ्या, पण त्या कामाला कौशल्याचा भाव द्या. चांगला पॉलिशवाला मिस्त्री एका बोटानं फिरवून सांगतो की तेल मुरलंय की वर बसलंय. ते ज्ञान कुठल्याही हिरव्या बाटलीत भरलेलं नाही, आणि बाटलीपेक्षा त्याला जास्त पैसे द्यायला आपली हरकत नसावी.

तेव्हा पुढच्या वेळी त्या कप्प्यापुढे उभे राहाल तेव्हा बाटलीमागचे घटक वाचाच, पण त्याआधी कॅलेंडर उघडा. वर्षातला एक दिवस त्यात टाकता येतोय का बघा. येत असेल तर रंगाच्या दुकानातून लिटरभर जवसाचं तेल आणि चार जुनी सुती फडकी घ्या. येत नसेल तर पायपुसणं चांगलं घ्या. तेही लाकडावर उपकारच आहेत.